कृष्णधवल छायाचित्रात रंग भरताना त्वचा मातकट दिसते, लुगड्याचा रंगही ठरत नाही – मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या पणजीचे एकच छायाचित्र घरात उरले आहे. साताऱ्यातील एका स्टुडिओत काढलेल्या, साडेतीन बाय साडेपाच इंचांच्या या छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने फक्त १९३८ असे लिहिलेले आहे. नऊवारी लुगडे, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत काळेभोर दिसणारे कुंकू, मनगटांत काचेच्या बांगड्या आणि मागच्या पडद्यावर रंगवलेले खांब, असे ते चित्र आहे. ते रंगीत करून दिवाळीत माझ्या आत्याआजींच्या, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या, हाती द्यावे अशी इच्छा असल्यामुळे गेले दोन महिने मी गिंप २.१० या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरवर हे काम शिकते आहे.

छायाचित्र ६०० डीपीआयवर, १६ बिटच्या टिफ स्वरूपात स्कॅन केले. पहिला आठवडा एका मूर्खपणात गेला: फाइल ग्रेस्केल (फक्त करड्या छटांच्या) मोडमध्ये होती, त्यामुळे ब्रशने कितीही लाल रंग भरला तरी पडद्यावर राखाडीच उमटत होता आणि मी ब्रश बदलत बसले होते. फाइल आरजीबी मोडमध्ये नेल्यावर तो प्रश्न सुटला. आता त्वचा, केस, लुगडे, दागिने यांसाठी स्वतंत्र लेयर (थर) केले असून प्रत्येकाचा मोड, म्हणजे तो खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, ‘एचएसएल कलर’ ठेवला आहे. खांब, पडदा आणि केस बऱ्यापैकी जमले आहेत, पण पुढील ठिकाणी मी अडले आहे.

चेहऱ्याला मी गव्हाळ रंगाची एकच छटा दिली आहे. उजेड-सावली मूळ छायाचित्रातून येत असूनही चेहरा शाडूच्या मूर्तीवर रंगाचा हात फिरवावा तसा दिसतो. छटा गडद केली तर कावीळ झाल्यासारखी वाटते, फिकी केली तर मातकट. शिवाय कपाळाचा मधला भाग आणि नाकाचा शेंडा स्टुडिओच्या दिव्यामुळे जवळजवळ पांढरे आले आहेत आणि तेथे रंग मुळी धरतच नाही.

दुसरी अडचण लुगड्याची. ते छायाचित्रात इतके गडद आहे की मी ते काळी चंद्रकळा समजून चालले होते. आत्याआजी मात्र ठामपणे सांगतात की ते लाल होते. त्या वेळी त्या चार वर्षांच्या होत्या, पण पुढे कित्येक वर्षे आईच्या अंगावर तेच लुगडे पाहिल्याचे आणि शेवटी ते गोधडीत गेल्याचे त्यांना आठवते. लाल कापड इतके काळे कसे दिसेल, हे मला उमगत नाही. त्यांचे म्हणणे मानून मी लाल रंग भरूनही पाहिला, पण सुकलेल्या रक्तासारखा करडा तपकिरी रंग आला.

आपोआप रंग भरणाऱ्या एका संकेतस्थळावरही हे चित्र चढवून पाहिले. त्याने पणजीला गोरीपान केले आणि लुगडे निळसर राखाडी. ती सावळी होती याबद्दल घरात कोणाचेही दुमत नाही, म्हणून तो नाद सोडला. हाताने रंग भरण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आत्याआजींचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी कुंकवाकडे पुन्हा एकदा पाहावे. ते लाल असणार हे आपल्याला ठाऊक आहे, तरीही ते छायाचित्रात काळेभोर आले आहे. त्या काळी अनेक स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक काचा किंवा फिल्म वापरत. ती निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देते, लाल प्रकाश मात्र तिला जवळजवळ दिसतच नाही. म्हणूनच ती अंधारखोलीत लाल दिव्याच्या उजेडात धुता येत असे. आजचे सॉफ्टवेअर रंगीत चित्राचे करड्यात रूपांतर करताना सर्वसाधारणपणे लालचा ३०, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ टक्के वाटा धरते. ऑर्थो फिल्मवर लालचा वाटा शून्याच्या आसपास जातो. त्यामुळे लाल कापड काळे, ओठ गडद आणि सावळी त्वचा प्रत्यक्षाहून अधिक सावळी येते. आणखी एक पडताळा घ्यावा: बांगड्या हिरव्या असल्याचे घरात कोणी सांगत असेल आणि त्या लुगड्यापेक्षा बऱ्याच उजळ दिसत असतील, तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

यातच आपल्या करड्या तपकिरी रंगाचेही उत्तर आहे. ‘कलर’ मोड फक्त रंगछटा बदलतो, उजेडाची पातळी मूळ चित्राचीच ठेवतो, आणि येथे ती पातळीच फिल्मने खाली ओढलेली आहे. म्हणून रंग भरण्याआधी मूळ चित्राच्या लेयरची प्रत घ्यावी, त्या प्रतीला लुगड्यापुरता लेयर मास्क (ठरावीक भागच दिसू देणारे आवरण) लावून कर्व्ह्ज या उजेड-गडदपणा बदलण्याच्या साधनाने मधल्या छटा उचलाव्यात, म्हणजे उजळ कराव्यात, आणि त्यावर लालचा लेयर ठेवावा. घड्यांच्या खोल सावल्या मात्र उचलू नयेत. नाहीतर कापड सपाट होऊन कागदासारखे दिसते. मोडही ‘एचएसएल कलर’ऐवजी ‘एलसीएच कलर’ घेऊन पाहावा, कारण तो डोळ्यांना जाणवणारा उजळपणा अधिक चांगला राखतो.

त्वचेबाबत मूळ चूक एकच छटा घेण्याची आहे. सावळ्या चेहऱ्यावर कपाळ थोडे पिवळसर, गाल, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या तांबूस, तर डोळ्यांखालचा भाग किंचित जांभळट असतो. सावलीत रंग तांबूस आणि गडद होतो, चकाकीत तो विरळ होतो. आपल्या घरातील त्याच वर्णाच्या एखाद्या व्यक्तीचे दिवसाच्या मंद उजेडात काढलेले रंगीत छायाचित्र उघडून सावली, मधला भाग आणि उजेड येथील रंग उचलावेत. माझी सुरुवात साधारण ८५-४८-३६, १७०-१२०-९२ आणि २२५-१९०-१६५ (लाल-हिरवा-निळा यांची ० ते २५५ मधील मूल्ये) या तीन छटांनी होते. लाल, हिरवा, निळा असा उतरता क्रम राहिला की चेहरा सहसा बिघडत नाही. त्यांचा ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारी रंगपट्टी) करून चित्राच्या प्रतीवर ‘ग्रेडियंट मॅप’ लावावा, म्हणजे गडद-उजळ पातळ्यांना त्या पट्टीतील रंग मिळतात, तो लेयर ‘कलर’ मोडमध्ये ठेवून मास्कने चेहऱ्यापुरता मर्यादित करावा, आणि गालांवर तांबूस रंगाचा वेगळा लेयर १०-१५ टक्के अपारदर्शकतेने मऊ ब्रशने द्यावा. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा ठेवू नये, तो करडाच असतो.

शुभ्र झालेल्या कपाळावर रंग धरत नाही, कारण ‘एचएसएल कलर’मध्ये पांढरे ते पांढरेच राहते. तेथे ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये अगदी फिक्या गव्हाळ रंगाचा लेयर द्यावा, म्हणजे उजेडाची पातळी आधी थोडी खाली येते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. दोनच गोष्टी जोडतो. छायाचित्र पिवळे पडले असेल तर ते रंगीत स्कॅन करून ‘मोनो मिक्सर’मध्ये (लाल, हिरवा, निळा या चॅनेलांपासून करडे चित्र बनवणाऱ्या साधनात) बहुतांश लाल चॅनेल घ्यावा, कारण पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे तो निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत ठळक आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास अदृश्य असतो. डाग पुसत बसण्याचे अर्धे काम त्यामुळे वाचते.

दुसरे म्हणजे, लुगडे गोधडीत गेले असे आपणच लिहिले आहे. ती गोधडी अजून असेल तर तिचा वरचा भाग पाहू नका, तो उन्हाने आणि धुण्याने विटलेला असणार. शिवणीच्या आत दुमडलेला पदर उलगडून पाहा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बांगड्या हिरव्या होत्या असे आत्याआजींनी न विचारता सांगितले, आणि छायाचित्रात त्या लुगड्यापेक्षा खरोखरच बऱ्याच उजळ आहेत. त्यांची क्षमा मागितली.

गोधडी गावी चुलतभावाकडे निघाली. वरून ते ठिगळ फिकट गुलाबी दिसते, पण एका कडेची शिवण उसवल्यावर आत बोटभर रुंदीचा डाळिंबी पट्टा तसाच राहिलेला सापडला. भावाने खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचे छायाचित्र पाठवले असून तोच रंग आता लुगड्याला देत आहे. चेहरा तीन छटांनी पुष्कळ सुधारला. कपाळ मात्र मल्टिप्लायनंतरही थोडे खडूसारखे दिसते, त्यावर अजून काम चालू आहे.

एक शंका उरली आहे. ठिगळात काठ आलेला नाही. छायाचित्रात काठ लुगड्यापेक्षा उजळ असून त्यावर बारीक चौकडी आहे आणि तो चकाकत नाही, म्हणजे जरीकाम नसावे. आत्याआजींना काठ आठवत नाही. लाल लुगड्याला असा चौकडीचा, बिनजरीचा काठ कोणी पाहिला असल्यास त्याचा रंग कळवावा. तोपर्यंत तो भाग मी करडाच ठेवते आहे.