गावचा इतिहास शिकवता शिकवता भीड चेपली का? अनुभव सांगा

गावचा, वस्तीचा इतिहास पोरांना किंवा मोठ्यांना सांगता सांगता चारचौघांत उभं राहून बोलायचं बळ आलं का? आलं असेल तर कसं, नसेल तर का नाही, दोन्ही लिहा. भाषण नको, घडलेलं सांगा. सुरुवात मीच करते.

आमच्या देवळामागे वीरगळांचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकदगडांचा, ढीग पडलेला. काहींना शेंदूर फासलेला, एकावर तर धुणं आपटायचे. मी अंगणवाडीसेविका, ग्रामसभेत सतरंजीच्या कडेला बसायचं, सही करायची आणि घरी यायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना वीरगळ वाचायला शिकवलं. खालून वर वाचायचा. तळाला लढाई, पुष्कळदा गाई सोडवण्यासाठीची. मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्यावर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो कीर्ती राहणार. एका पोरीला कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात सापडला. सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड. "हिचं नाव कुठंय?" तिने विचारलं. नव्हतंच.

पुढे जीर्णोद्धारात हे दगड जोत्यात भरायचं ठरलं, तेव्हा सभेत उठले. घसा कोरडा पडलेला, पण बोलायचं ते पोरांपुढे कितीदा तरी बोलून झालं होतं. "बाई, दगडंच की ती," सरपंच म्हणाले. दारातून एक पोरगं ओरडलं, "दगड नाय ओ, लढाई हाय ती!" सभा हसली, आणि हसली की अर्धं काम होतं. आता वीरगळ भिंतीलगत ओळीने उभे आहेत. माहितीफलकासाठी मात्र निधीचं रडगाणं चालूच आहे.

अलिबागकडून
मी शनिवारी आमच्याकडच्या चरी गावच्या शेतकरी संपावर वर्ग घ्यायचो. 1933 ते 1939 कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटलांचं नेतृत्व, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा, सगळं घडाघडा सांगायचो. एकदा एका आजीने मधेच अडवलं, "आरं, तेवढी वर्षं चूल कुनी पेटवली, ते सांग की." पुढचा वर्ग तिनेच घेतला. जंगलातली लाकडं विकून लोकांनी दिवस कसे काढले, ते तिच्या आईकडून ऐकलेलं.
नंतर खारबंदिस्तीला, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडून शेतात खारं पाणी घुसलं. अर्ज घेऊन कचेरीत मी गेलो. एरवी शिपायालाही 'साहेब' म्हणणारा मी. पण आजीचा आवाज कानात होता. पोच घेतल्याशिवाय हललो नाही.

छत्रपती संभाजीनगरहून
निवृत्तीनंतर लोकांना निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची नहर, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा पाट, दाखवत हिंडतो. चार शतकांपूर्वी पंपाशिवाय, निव्वळ उतारावर शहरात पाणी खेळवलं होतं, हे ऐकल्यावर माणसं आधी आपल्या नळावर बोलतात. आत्मविश्वास वगैरे ठाऊक नाही, पण पाण्याचं निवेदन लिहायचं असलं की गल्ली मला हाक मारते.

एक प्रतिसाद
आमच्याकडे उलटंच. वीरगळ कुणाच्या जातीच्या वीराचा, यावरून दोन आळ्या भांडल्या आणि वर्ग बंद पडला. ताई, तुम्ही हे कसं निस्तरता?

माझं उत्तर
दगडावर लेख नसेल तर वीराचं नाव-गाव सांगतच नाही. "ठाऊक नाही" असं मोठ्यांदा म्हणते आणि पोरांना तळातल्या गाई मोजायला बसवते. भांडायला आलेले मोठेसुद्धा मोजू लागतात, आणि आकडा कधी जुळत नाही.