मदत हवी आहे: जमिनीचा मोबदला आला आणि घराची घडी विस्कटली

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले. साडेतीन एकर केळीची जमीन महामार्गात गेली आणि मोबदला आबांच्या खात्यात जमा झाला. एवढा पैसा आमच्या घरानं कधी पाहिला नव्हता.

दादानं मोठी गाडी बुक केली. रोज कुणी ना कुणी प्लॉटचे कागद घेऊन ओट्यावर बसलेलं. आबा मात्र अजूनही रात्रीच्या लाइटीला उठतात, बॅटरी घेतात, मोटर चालू करायला निघतात आणि दारातच थांबतात. माय काही बोलत नाही, चहा ठेवते. मला ते बघवत नाही.

दादा म्हणतो, दोघी बहिणींच्या हक्कसोडवर सह्या घेऊन टाकू. मला हे पटत नाही. जमीन पणजोबांपासूनची. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. राखीला आल्या तेव्हा दोघींनी पैशाचा विषयसुद्धा काढला नाही, म्हणून तर मनाला जास्त लागतं.

ज्यांच्या घरी असा मोबदला आला त्यांनी सांगा: बहिणींचा वाटा रीतसर कसा दिला? वाटणीपत्र नोंदवलं का, खर्च किती आला? रक्कम एकाच बँकेत पडून आहे आणि ठेवींना विमा फक्त ५ लाखांपर्यंतच, तर तुम्ही कशी विभागली? आणि आबांसाठी यावल-चोपड्याकडे एक-दोन एकर पाण्याची जमीन घ्यायचीय. सातबाऱ्यात काय काय तपासू?