लॅबमध्ये जीव तयार झाला तर देवाची सुट्टी होणार का?

खडूफळा

परवा घरच्या ग्रुपवर काकांनी एक व्हिडिओ टाकला. त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की शास्त्रज्ञ सत्तर वर्षं धडपडतायत पण साधी एक पेशी बनवता आली नाही, म्हणजे देव आहे हे सिद्ध झालं. माझा मावसभाऊ कट्टर नास्तिक, त्याने लगेच ठोकून दिलं की 1953 लाच मिलर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात जीव बनवलाय, विषय संपला, आता देवाला रिटायर करा. मग जे व्हायचं तेच झालं, दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत.

मी केमिस्ट्री शिकवतो आणि देवही मानतो, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची सवय आहे. माझं म्हणणं असं की दोघंही चुकतायत, आणि काका जास्त चुकतायत.

मिलरने जीव वगैरे काही बनवला नव्हता. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचेत फिरत ठेवली, विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि काही दिवसांनी पाण्यात ग्लायसिन, ॲलानिन असली अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतले मणी, सापडली. भारीच होतं ते, पण अमिनो ॲसिड म्हणजे जीव असता तर माझ्या लॅबच्या कपाटातल्या बाटल्या केव्हाच उठून चालायला लागल्या असत्या.

आता काकांचं. त्यांचा देव उभा आहे तो शास्त्रज्ञांना अजून न जमलेल्या गोष्टीवर. हे पूर्वीही झालंय, लोक म्हणायचे की सजीवांच्या शरीरातली द्रव्यं बनायला प्राणशक्तीच लागते, मग 1828 मध्ये व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवून दाखवला आणि प्राणशक्ती संपली. देवाला अशा भाड्याच्या खोलीत ठेवलं की दरवेळी कोणीतरी रिसर्च पेपर घेऊन येतो आणि खोली खाली करा म्हणतो. माझी श्रद्धा आहे म्हणूनच मला हे आवडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

साधासरळ

सर, तुमचा मुद्दा कळला पण आकड्यांचं काय करायचं? एक छोटं प्रोटीन घ्या, 100 अमिनो ॲसिडांची साखळी. प्रत्येक जागी 20 पर्याय. म्हणजे 20 चा 100 वा घात, तो होतो साधारण 1 वर 130 शून्यं. अख्ख्या दिसणाऱ्या विश्वातले अणू मोजले तरी 1 वर 80 शून्यांच्या आसपास. आता हे सगळं आपोआप बरोबर क्रमाने लागलं म्हणणं हीसुद्धा श्रद्धाच झाली की, फक्त नाव विज्ञान. मी काय कोणाला शिव्या देत नाहीये, गणित मांडतोय.

गाळणी

साधासरळ, गणित बरोबर आहे पण उदाहरण चुकीचं निवडलंय. तुम्ही धरलंय की एकच ठराविक साखळी चालते आणि ती एका फटक्यात लागली पाहिजे. दोन्ही तसं नाही.

2001 मध्ये कीफ आणि शॉस्टक या शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. 80 अमिनो ॲसिडांच्या, कसल्याही क्रमाने लावलेल्या सुमारे 6 लाख कोटी साखळ्या तयार केल्या आणि त्यातून एटीपीला, म्हणजे पेशीत ऊर्जा पोचवणाऱ्या रेणूला, धरून ठेवणाऱ्या निवडून काढल्या. चार वेगवेगळ्या प्रकारची प्रोटीनं निघाली. त्यांचा अंदाज आला साधारण दहा हजार कोटींत एक, म्हणजे 1 वर 11 शून्यं. 130 आणि 11 यात किती फरक आहे ते तुम्हीच बघा. आणि हे सगळं बिननिवडीच्या ढिगातलं, एकदा नक्कल आणि निवड सुरू झाली की हिशोब आणखी बदलतो.

शिवाय आज या विषयात काम करणाऱ्यांपैकी फार थोडे जण म्हणतात की सुरुवातीला आयतं प्रोटीन पडलं. बऱ्याच जणांचा भर आरएनएवर, म्हणजे डीएनएच्या भावंडावर आहे, कारण आरएनए माहितीही साठवतो आणि रासायनिक कामही करतो. चेक आणि ऑल्टमन या शास्त्रज्ञांना 1989 चं नोबेल यासाठीच मिळालं. आजही तुमच्या माझ्या पेशींत प्रोटीन जोडणाऱ्या रायबोसोमचा कामाचा गाभा आरएनएचाच आहे. मला तर ही गोष्ट सगळ्यात जास्त पटते, जुन्या घरात नवीन फर्निचर आलं तरी तुळई जुनीच राहते तसं.

गाळणी

आणि खडूफळा सर, तुमचीही एक दुरुस्ती, रागावू नका. व्योलरने एका दिवसात प्राणशक्ती संपवली ही मागाहून रंगवलेली गोष्ट आहे. ती कल्पना त्यानंतरही कितीतरी वर्षं तग धरून होती. खुद्द पाश्चर म्हणायचा की साखर आंबायला जिवंत यीस्टच लागतं. 1897 मध्ये बुखनरने यीस्ट वाटून, पेशी मोडून त्याचा रस काढला आणि नुसत्या रसातही साखर आंबते हे दाखवलं, तेव्हा कुठे तो गड पडला. 1907 चं नोबेल मिळालं त्याला.

खडूफळा

मान्य. पाठ्यपुस्तकातलं जसंच्या तसं टाकलं मी. वर्गातही हेच सांगतोय इतकी वर्षं, आता बदलावं लागणार.

शून्यसंख्या

मी नास्तिक आहे हे आधीच सांगतो म्हणजे पुढे वाद नको. सर, काकांचं खंडन छान केलंत पण मग तुमच्या देवाला काम काय उरलं? अमिनो ॲसिडं केमिस्ट्रीने बनली, आरएनए केमिस्ट्रीने बनेल, पेशी उत्क्रांतीने. तुम्ही म्हणणार नियम देवाने घातले. ठीक, पण नियम कोणी घातले नाहीत असं मानलं तर तुमच्या एकाही प्रयोगाचं उत्तर बदलतं का? नाही बदलत. मग हा देव असला काय नि नसला काय, हजेरीपटावर नाव आहे पण वर्गात कधी दिसत नाही असा विद्यार्थी झाला तो. काकांचा देव निदान काहीतरी करतो तरी.

खडूफळा

शून्यसंख्या, हे टोचलं, पण बरोबर जागी टोचलं.

प्रयोगाचं उत्तर बदलत नाही हे मला मान्यच आहे आणि ते तसंच असायला हवं. मी देवाला प्रयोगातला एक अभिकारक म्हणून मानतच नाही. लमेत्र बघा, बिग बँगच्या कल्पनेमागचा माणूस आणि स्वतः कॅथलिक धर्मगुरू. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात त्या कल्पनेचा सूर सृष्टिनिर्मितीच्या पुराव्याकडे नेला तर सगळ्यात जास्त अस्वस्थ झाला तो लमेत्रच. त्याची भूमिका होती की थिअरी धर्माच्या प्रश्नाच्या बाहेर आहे, तिला तिथेच राहू द्या. श्रद्धा असलेला माणूस असं म्हणतो तेव्हा मला ते प्रामाणिक वाटतं.

आणि एक गंमत सांगतो, माझा सगळा मुद्दाच खरं तर यावर आहे. निर्जीव वस्तूतून जीव आपोआप येतो हे म्हणणं म्हणजे नास्तिकपणा असं आज आपण गृहीत धरतो. पण ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस यांच्यासारखे पक्के धर्मपंडित कुजक्या मांसातून किडे उपजतात हे बिनदिक्कत मानायचे, त्यांच्या देवाला काहीच धक्का लागत नव्हता. अठराव्या शतकात नीडहॅम म्हणाला की उकळलेल्या रश्शातही सूक्ष्मजीव आपोआप येतात, स्पालान्झानी म्हणाला छे, तू नीट उकळलंच नाहीस. हे दोघंही कॅथलिक धर्मगुरू. मग पाश्चरच्या काळापर्यंत वारा फिरला आणि आपोआप जीव म्हणणारे भौतिकवादी ठरायला लागले, पाश्चरने 1864 मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात तसा टोमणाही मारला. म्हणजे एकच विधान एका शतकात चर्चमध्ये चालतं आणि दुसऱ्या शतकात पाखंड ठरतं. बदललं काय? विधान नाही बदललं, लोकांनी त्याच्यावर चिकटवलेली पाटी बदलली.

मोरपंखी

आपल्याकडे हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. दशावतार बघा, मासा मग कासव मग वराह मग नरसिंह. पाण्यातून जमिनीवर. डार्विन नंतर आला.

गाळणी

मोरपंखी, मग वामन हा बुटका माणूस, त्याच्यानंतर परशुराम, राम, कृष्ण, हे कुठले टप्पे? चार नावं जुळली की उरलेली सोडून द्यायची का. आणि उत्क्रांती म्हणजे जीव आल्यानंतरची गोष्ट, पहिला जीव कसा आला हा प्रश्न वेगळा, धागा त्याच्यावर आहे. त्यापेक्षा ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचं नाव घेतलं असतंत तर मी मान डोलावली असती. तिथे सृष्टी कुठून झाली हे विचारत विचारत शेवटी म्हटलंय की वर बसून बघणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. इतकं मोकळं विचारणाऱ्यांचे वारस आपण आणि व्हिडिओ बघून सिद्ध झालं म्हणतो.

मोरपंखी

सूक्त मलाही माहितीये. टोमणा नको.

साधासरळ

गाळणी, तुमचा 2001 चा प्रयोग वाचून बघतो, तो मला खरंच माहीत नव्हता. पण तो प्रयोग आजच्या यंत्रसामग्रीने, तयार रसायनं वापरून केला ना? सुरुवातीच्या पृथ्वीवर ती रसायनं कुठून आली? मिलरचं वातावरणही चुकीचं होतं असं वाचलंय.

गाळणी

हा प्रश्न चांगला आहे. हो, आज बऱ्याच जणांचं मत आहे की त्या वेळच्या हवेत मिथेन अमोनिया इतकं भरपूर नसावं, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत, आणि तशा हवेत उत्पन्न बरंच घटतं. पण मिलर गेल्यावर त्याच्या जुन्या कुप्या सापडल्या, त्यातल्या ज्वालामुखीसारखी वाफ सोडणाऱ्या उपकरणातल्या कुप्या 2008 मध्ये नव्या यंत्रांवर तपासल्या तर 20 पेक्षा जास्त अमिनो ॲसिडं निघाली, त्याने स्वतः सांगितली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त. मला ही गोष्ट वाचून उगाचच भरून आलं होतं, माणूस गेला आणि कपाटातली बाटली बोलायला लागली.

दुसरं म्हणजे सगळा माल पृथ्वीवरच बनायला हवा असंही नाही. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो ॲसिडं मिळाली. बेनू लघुग्रहावरून 2023 मध्ये नासाच्या यानाने माती आणली, तिचे निकाल 2025 च्या जानेवारीत आले, जीव वापरतो त्या 20 पैकी 14 अमिनो ॲसिडं आणि डीएनए आरएनएची पाचही अक्षरं त्यात आहेत.

आता जे जमत नाही तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं सांगतो. अमिनो ॲसिडांची बहुतेक डावी आणि उजवी अशी दोन रूपं असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, पण सजीवांत ती जवळजवळ सगळी डावखुरी असतात, बेनूच्या मातीत डावी उजवी जवळपास सारखी निघाली, म्हणजे ही निवड कुठे नि कशी झाली हे कोडं तसंच आहे. आरएनएचे दोन घटक सुरुवातीच्या पृथ्वीला शोभेल अशा मालातून बनू शकतात हे सदरलंडच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं, पण एन्झाइमच्या मदतीशिवाय आरएनएची लांब नक्कल करणं अजून जमत नाही. आणि 2010 ला कृत्रिम जीव बनवला म्हणून बातम्या आल्या होत्या ना, तेव्हा क्रेग व्हेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमने जीनोम, म्हणजे पेशीचा सगळा डीएनए, बनवून आधीच्या पेशीत घातला होता, पेशी आयतीच होती. 2016 मध्ये त्यांनी छाटत छाटत 473 जीनवर आणलेली पेशी बनवली, त्यातल्या 149 जीनचं काम नेमकं काय हे त्यांनाही तेव्हा कळत नव्हतं. मावसभावाला हे पण पाठवा सर.

शून्यसंख्या

पण हे अजून जमलं नाही म्हणणं आणि कधीच जमणार नाही म्हणणं यात फरक आहे, एवढं काकांना कोणीतरी सांगा.

साधासरळ, तुम्हाला सरळ विचारतो. उद्या एखाद्या लॅबने साध्या रसायनांपासून सुरुवात करून स्वतःची नक्कल करणारं, बदलत जाणारं काहीतरी बाटलीत बनवलं. तुम्ही काय म्हणाल?

साधासरळ

म्हणेन की बघा, बनवायला हुशार शास्त्रज्ञ लागलाच. बुद्धीशिवाय झालं नाही.

शून्यसंख्या

आणि नाही बनलं तर?

साधासरळ

तर म्हणजे माणसाच्या हातातलं ते नाही, वरच्याचंच काम.

शून्यसंख्या

म्हणजे बनलं तरी देव, नाही बनलं तरी देव. छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तुम्ही हरलात. मग कशाला लॅबच्या निकालाची वाट बघताय, आणि व्हिडिओत सत्तर वर्षं कशाला मोजताय?

खडूफळा

शून्यसंख्या, हाच प्रश्न तुम्हालाही लागू होतो हं. अजून दोनशे वर्षं बाटलीत काहीच झालं नाही तर तुम्ही देव मानाल? नाही मानणार, म्हणाल अजून शोधतायत. म्हणजे तुमचाही नास्तिकपणा त्या बाटलीवर टांगलेला नाही. मग तिघांनीही तिच्यावरून भांडायचं कशाला?

शून्यसंख्या

हे खरंय. पण माझा फरक एवढाच की अजून शोधतायत म्हणताना मी कुठलंच उत्तर आधी लिहून ठेवत नाही. तरी विचार करतो, पटकन होय म्हणणं सोपं आहे.

साधासरळ

छापा काट्याचं उत्तर लगेच सुचत नाहीये, खरं सांगतो. रात्री शांतपणे वाचून उद्या लिहितो. तोवर गाळणी, एक सांगा, त्या चार प्रोटीनांनी एटीपीला धरलं म्हणालात, पण नुसतं धरलं की काही कामही केलं?

गाळणी

निवड फक्त धरण्यावर केली होती. प्रश्न योग्य जागी विचारलात, उद्या याच्यावरूनच सुरू करू.