हवामानासाठी 'मदत' म्हणतात अन् हातात कर्ज देतात, हे कसलं गणित?

केळीवाला_रावेर:
पोरगा एमपीएससीचा अभ्यास करतो, परवा त्याची वही सहज चाळली अन् डोकंच फिरलं. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले की २०२० पर्यंत गरीब देशांना हवामान बदलासाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा गाठला २०२२ ला. मग २०२४ ला बाकूच्या परिषदेत नवा वायदा झाला, वर्षाला ३०० अब्ज, तेबी २०३५ पर्यंत. मागणी होती १३०० अब्जाची. बरं जे दिले म्हणतात त्याच्यात सरकारी पैशाचा दोन तृतीयांशाच्या वर भाग कर्जच आहे. म्हणजे तुमचा बैल माझ्या बागेत घुसला, त्यानं घड तुडवले, अन् तुम्ही म्हणता घे भो दहा हजार, व्याजानी घे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की केळीचं पान कडेनी करपत येतं, झाडाला दिवसाला २० लिटर पाणी दिलं तरी घड सटकतो. हे तापवलं कोणी? अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनाच्या आसपास कार्बन निघतो, आपल्याकडे २ टन. मग मी कर्जदार कसा काय झालो?

निवृत्त_बँकवाला_भुसावळ:
भाऊ, तुमचं दुःख खरं पण तुम्ही सावकार अन् सोसायटी एकाच पोत्यात भरून राहिले. आयुष्यभर कर्जाच्या फायली बघितल्या म्हणून सांगतो, कर्ज वाईट नसतं, व्याज अन् मुदत वाईट असते. आपल्याच खान्देशातलं घ्या. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महाजनकोचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ ला सुरू झाला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज होतं. अनुदानाची वाट बघत बसले असते तर आज तिथे कुसळं उगवली असती. पोकरा, म्हणजे कृषी संजीवनी प्रकल्प घ्या, त्याच्यात आपला जळगाव जिल्हा होता, ७० टक्के पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा अन् ३० टक्के राज्याचा. त्याच्यातून ठिबक, शेडनेटचं अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात आलं. खरी बोंब वेगळीच आहे. सोलर उभारायला आपल्यासारख्या देशांना भांडवल श्रीमंत देशांच्या दुप्पट महाग पडतं. ऊन आपल्याकडे जास्त अन् व्याजबी आपल्यालाच जास्त! भांडायचं तर त्याच्यावर भांडा ना.

साक्रीची_लेक:
माय वं, काका, त्या प्लेटा आमच्या तालुक्यात आहेत हे खरं, पण माझ्या माहेरी अजूनबी संध्याकाळी लाइट जाते अन् आई कंदील शोधते. वीज जाते ग्रिडला, आम्हाला लांबून चमकताना दिसते तेवढीच. मला तर वाटतं पैसा पैसा करणं हीच अर्धी चूक आहे. आमच्याच तालुक्यात बारीपाडा आहे, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ते गाव. त्यांनी कोणत्या बाकूतून पैसे आणले होते? गाव बसलं, जंगल तोडायचं नाही असं ठरलं, पहारा लावला, तोडणाऱ्याला दंड केला, अन् काही वर्षांनी जंगल वाढलं, विहिरींना पाणी आलं. एकाबी मीटिंगमध्ये डॉलर नव्हता.

निवृत्त_बँकवाला_भुसावळ:
ताई, बारीपाड्याला दोन्ही हातांनी नमस्कार. पण ते जंगलाचं गाव, लोक एकजीव. सगळीकडे ते नाही जमत. शिरपूर पॅटर्नच बघा, नाले रुंद केले, खोल केले, बिनगेटचे बिनसांडव्याचे बंधारे बांधले, पाणी जिरलं. पण पोकलेन काय श्रमदानावर चालतं का? डिझेल, सिमेंट कोणीतरी भरलंच ना. तिथे पैसेवाले पाठीशी उभे राहिले, शेजारच्या तालुक्याला कोण आहे?

साक्रीची_लेक:
पैसे नकोत असं म्हणत नाहीये मी काका. आधी गाव, मग पैसा, एवढंच. तुमच्याकडे नेहमी उलटं असतं, आधी मंजुरीचा फोटो.

धुळ्याचा_पोऱ्या_पुण्यात:
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, करन्सी. २०१३ ला युरो ७० रुपयाच्या आसपास होता, आता शंभरच्या घरात. विजेचं बिल येणार रुपयात अन् हप्ता भरायचा परक्या पैशात, मग व्याज स्वस्त असून काय उपयोग, ते रुपया घसरला की कोणाच्या तरी खिशातून निघतंच. म्हणून मला केंद्राने २०२३ पासून जे ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे रोखे काढले ते पटतात, रुपयात घेतलेलं रुपयात फेडायचं. पण सगळ्यांना कुठे जमतं हे? झांबिया २०२० ला बुडाला, श्रीलंका २०२२ ला. त्यांना रुपयासारखं स्वतःच्या पैशात उधार देणारं कोण आहे? अन् एक चांगलं उदाहरणपण आहे. ग्रेनेडा म्हणून कॅरिबियनमधला एवढासा देश, २०२४ ला बेरील वादळाने झोडपलं, पण त्यांच्या रोख्यांमध्ये आधीच अट होती की वादळ आलं तर हप्ते थांबणार. थांबलेपण. माफी नाही, पुढे ढकलले फक्त, पण घरावर पत्रे टाकायला पैसे हातात राहिले.

केळीवाला_रावेर:
हे आवडलं बुवा. म्हणजे आपल्याकडे आणेवारी ५० पैशाच्या आत आली की पीककर्जाचं पुनर्गठन करतात तसंच झालं ना. फक्त इकडे आणेवारी लागेपर्यंत सोसायटीची नोटीस आधी येते. कर्जच द्यायचं असेल तर अशी अट घालून द्या, मी एवढं तरी मानतो. पण त्याला 'मदत' म्हणू नका, ह्याच्यावर मी ठाम.

निवृत्त_बँकवाला_भुसावळ:
अर्धं तर मानलं! आता खरं सांगा, सौर पंपाला अर्ज केला होता ना तुम्ही, काय झालं त्याचं?

केळीवाला_रावेर:
बसला ना, साडेसात एचपीचा. पाच एकराच्या वर जमीन म्हणून तेवढा मिळाला. आपला वाटा १० टक्के भरला. दिवसा पाणी सुटतं, रात्री विंचूकाट्यात जाणं बंद झालं, ते चांगलंच आहे. ढगाळ दिवशी मात्र ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, नळीला कान लावून बसावं लागतं.

साक्रीची_लेक:
अन् ते १० टक्के कुठून आणले दादा?

केळीवाला_रावेर:
मंडळीची पोत ठेवली.

धुळ्याचा_पोऱ्या_पुण्यात:
म्हणजे कर्जच काढलं 😀

केळीवाला_रावेर:
हो रे भो, कर्जच. सराफानी सरळ कर्ज म्हणूनच दिलं, मदत नाही म्हणाला.

निवृत्त_बँकवाला_भुसावळ:
व्याज काय लावलं त्याने? अन् पोत कधी सोडवता?

केळीवाला_रावेर:
व्याजाचं इथे नका विचारू, मंडळी वाचते. श्रावणात केळीचा बोर्डावर लिहिलेला भाव खरोखर हातात पडला तर लगेच, नाहीतर दिवाळी.