मदत हवी आहे: स्कायडायव्हिंगचं हेल्मेट डोकं कितपत वाचवतं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, राजारामपुरीतला. धाकटा भाऊ स्कायडायव्हिंग शिकायला स्पेनला निघालाय आणि ओळखीतून वापरलेलं फुलफेस हेल्मेट घेऊन आलाय. कवच कार्बन फायबरचं, दिसायला झकास; पण आतलं अस्तर दाबलं की अंगठा थेट कवचाला टेकतो. बाइकच्या आयएसआय हेल्मेटमधला थर्माकोलसारखा जाड थर इथं नाहीच. प्रमाणपत्राचं लेबलही नाही.

पॅराग्लायडिंगच्या हेल्मेटला ईएन ९६६ हे मानक आहे, स्कायडायव्हिंगसाठी एक्सपी एस ७२-६०० आलंय; तरी मानक नसलेली हेल्मेटं सर्रास वापरतात म्हणे. ताशी १९०-२०० किलोमीटरनं पडताना पॅराशूटच उघडलं नाही तर कुठलंच हेल्मेट कामाचं नाही, हे कळतं. मला घोर आहे तो विमानाच्या दारावर डोकं आपटण्याचा, हवेत दुसऱ्याचा गुडघा लागण्याचा आणि उतरताना कोलमडण्याचा.

कुणी उड्या मारल्या असतील तर कृपया सांगा, नवशिक्यानं प्रमाणित ओपनफेसच घ्यावं का? फुलफेसमध्ये रेडिओवरचा प्रशिक्षकाचा आवाज नीट ऐकू येतो का? वर कॅमेऱ्याचा माउंटही आहे. त्यात पॅराशूटच्या दोऱ्या अडकू शकतात, म्हणून तो मी आधी काढायला लावतोय. जायच्या आधी नवं घ्यायचं की नाही ते ठरवायचंय.