व्यसनमुक्तीला देव लागतोच का?

काठावरचा:
दारू सुटली, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगाही सोडत नाही. पण त्यांच्या बारा पायऱ्यांतली तिसरी अजून घशाखाली उतरत नाही. आपलं आयुष्य ईश्वराच्या स्वाधीन करायचं, 'आम्हाला उमजला तसा' ईश्वर. मी देव मानत नाही. स्पॉन्सर, म्हणजे गटातला मला वाट दाखवणारा जुना सदस्य, म्हणतो, मग गटालाच मोठी शक्ती मान. मला ही पळवाट वाटते. तुमचं मत?

चार्वाक_२:
पळवाटच आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली सुरू झालं ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या मुशीतून. बारापैकी सहा पायऱ्यांत देव, 'तो' किंवा मोठी शक्ती आहेच. कैद्याला अशा मीटिंगांची सक्ती करणं घटनाबाह्य, असं अमेरिकेतल्या न्यायालयांनी १९९६ मध्येच म्हटलंय. वर पहिल्याच पायरीत 'मी हतबल आहे' हे घोकायचं! ज्याचा स्वतःवरचा विश्वास आधीच उडालाय, त्याला हे औषध?

मोठीताई:
हतबल दारूपुढे, आयुष्यापुढे नव्हे. ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, हीही एक पायरी, म्हणून मी बहिणीचे पैसे परत द्यायला गेले. तिने मोजून घेतले, 'बस' म्हणाली नाही. माफी मिळाली नाही तरी न पिता घरी यायचं, हे बळ त्या दिवशी कुठून आलं ते मला सांगता येत नाही. त्यालाच मी अध्यात्म म्हणते. देवाचं तुम्ही बघा.

चार्वाक_२:
ताई, हा तुमचा कणखरपणा. त्याचं श्रेय दुसऱ्याला का देता?

मोठीताई:
कारण एकटी होते तेव्हा हाच कणखरपणा रोज संध्याकाळी गळून पडायचा.

वॉर्डातली:
व्यसनमुक्ती विभागात काम करते, म्हणून लिहिते. २०२० च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. का, हे शोधणाऱ्यांना मोठा वाटा दिसला तो बदललेल्या संगतीचा आणि नकार देण्याच्या आत्मविश्वासाचा. अध्यात्माचा वाटा जास्त गंभीर व्यसन असलेल्यांत अधिक दिसला. म्हणजे दोघंही थोडे बरोबर, आणि माझं भांडण तिसरंच आहे. काही गटांत 'गोळी घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस' असं ऐकवतात. अफूजन्य व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन ही उपचाराची गोळी मनाने बंद केली की सहनशक्ती उतरलेली असते. पुन्हा जुन्याच मात्रेत नशा केली तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. ध्यान करा, जप करा, पण गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

चार्वाक_२:
हे मान्य. पण 'गंभीर' रुग्णाला अध्यात्म सुचवणं आणि त्याच्या नाजूक अवस्थेत श्रद्धा गळी उतरवणं यातली रेघ कोण आखणार? १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी हा देवाशिवाय चालणारा मदतगट आहे. तिथे तलफ आली की काय करायचं ते शिकवतात, प्रार्थना नाही.

काठावरचा:
तिकडेही जाऊन बघतो. पण रात्री तलफ आली की फोन उचलणारा माणूस मला याच गटात मिळालाय. तिसऱ्या पायरीवर बोलायची पाळी आली की सांगेन, माझी मोठी शक्ती म्हणजे तो फोन. स्पॉन्सरला चालेल का, माहीत नाही.

चार्वाक_२:
चाललं नाही तर स्पॉन्सर बदला. निरीश्वरवाद्यांच्याही मीटिंगा भरतात, ऑनलाइनसुद्धा.

मोठीताई:
आधी बोलून तर बघा, मग बदला.