मदत हवी आहे: किटलीच्या पक्ष्याचे पंख गळताहेत!

मंडळी, जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या किटलीचा पक्षी करतेय. तोटी म्हणजे चोच, स्टीलचे चमचे म्हणजे पंख, तारेच्या हँगरचे पाय. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्यातच बैलाचं डोकं उभं केलं, माझं मात्र चौदा चमच्यांवर अडलंय.

चमचे दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीनं चिकटवले, पूर्ण दिवस सुकू दिले. तिसऱ्या दिवशी एकेक पीस टणकन खाली! गोंद किटलीला घट्ट आहे, चमच्यावरून मात्र पापुद्र्यासारखा अख्खा सुटतो. किटली पॉलिश पेपरनं घासली होती, चमचे नाही. चकाकी जाईल म्हणून (हावरटपणा, दुसरं काय). आता फक्त चिकटणारी जागा घासून स्पिरिटनं पुसली तर पुरेल? की भोकं पाडून रिव्हेटच मारू? स्टीलला भोक पाडताना एक ड्रिल बिट आधीच बोथट झालंय. अ‍ॅल्युमिनियमला स्टील साध्या वेल्डिंगनं जोडता येत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद.

शिवाय तोटीच्या वजनानं पक्षी पुढे झुकतो. पोटात वाळू भरायची नाहीये, झाकण उघडल्यावर आत दिसणारं छोटं घड्याळ हीच तर गंमत आहे. शेपटीला वजन म्हणून काय लावू?